औषध तेच, कण वेगळा: वाचकांचे प्रश्न

(नॅनोकणांतून दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दलची निवडक पत्रं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. पुढे तो 'नॅमी' असा लिहिला आहे. डोसचे आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. रुग्णाचा डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील.)

प्रश्न: वडिलांना कर्करोगासाठी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चालू आहे. 'हे थेट गाठीवरच जातं, बाकी शरीराला धक्का लागत नाही,' असं आम्हाला सांगितलं होतं. आता त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी लाल होऊन सोलते आहे. औषध भलतीकडे जातंय का?

उत्तर: 'थेट गाठीवर' हे जरा गोड करून सांगितलेलं आहे. गाठ कुठे आहे हे लायपोसोमला ठाऊक नसतं. मेदाच्या दुहेरी पापुद्र्याचा तो ८०-९० नॅमीचा पोकळ गोळा. त्याच्या पोटात डॉक्सोरुबिसिनचे स्फटिक आणि अंगावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे 'पेग', याच्या साखळ्यांची लव. रक्त जाईल तिकडे तो जातो. निरोगी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून तो सहसा बाहेर पडू शकत नाही. घाईघाईने वाढलेल्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात आणि तिथला लसिकेचा निचराही धड होत नाही. म्हणून काही कण तिथे पाझरतात आणि रेंगाळतात. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली हे दाखवलं आणि पुढची कित्येक वर्षं या क्षेत्राची सगळी मदार त्यावरच होती.

किती कण रेंगाळतात? टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारातले सात कण. उरलेल्यांपैकी बहुतेकांना यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात. शिवाय हे आकडे प्रामुख्याने उंदरांचे. वीस ग्रॅमच्या उंदराला एक ग्रॅमची गाठ म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साडेतीन किलोची. माणसांच्या गाठी सावकाश वाढतात आणि त्यांचा गळकेपणा माणसागणिक, एकाच माणसात गाठीगणिकही बदलतो.

मग हे औषध देतात कशाला? कारण साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत गेलं की काही मिनिटांत रक्त सोडून ऊतींमध्ये शिरतं, आणि त्यात हृदयाचा स्नायूही येतो. त्याचं वितरण-आकारमान, म्हणजे औषध रक्ताबाहेर किती पसरतं याचं माप, शरीराच्या दर चौरस मीटरमागे ७०० ते ११०० लिटर भरतं. लायपोसोममधल्याचं भरतं पावणेतीन लिटरच्या आसपास. म्हणजे ते जवळपास रक्तातच कोंडलेलं राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५५ तास. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट असल्यामुळे हृदय बरंचसं वाचतं.

पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवर या दोन्ही औषधांची तुलना झाली. निष्कर्ष २००४ मध्ये आले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. हृदयाचा त्रास साध्या औषधाने सुमारे तिप्पट झाला. हातापायाची कातडी सोलण्याचा त्रास मात्र लायपोसोमवाल्या गटात ४८ टक्क्यांना झाला, साध्या औषधाच्या गटात फक्त २ टक्क्यांना. म्हणजे कर्करोगावरचा मारा तेवढाच राहिला आणि त्रासाने जागा बदलली. तुमच्या वडिलांना होतोय तो हाच त्रास. दाब, घर्षण आणि उष्णता असते तिथल्या केशवाहिन्यांतून दिवसेंदिवस रक्तात फिरणारे कण कातडीत उतरतात. घामावाटेही औषध तिथे येतं.

ड्रिपनंतरचा पहिला आठवडा जपायचा. गरम पाण्याने आंघोळ नको, भांडी घासणं नको, घट्ट पादत्राणं नकोत, लांब चालणं नको. मलम लावताना चोळू नका, नुसतं थापा. फोड आले किंवा चालताना दुखू लागलं तर पुढच्या फेरीची वाट न बघता कळवा. अशा वेळी पुढचा डोस दोन आठवड्यांपर्यंत लांबवतात किंवा कमी करतात. हे लपवून फेरी 'वेळेवर' घेतली, तर कातडी फाटून उपचारच थांबवावे लागतात.

प्रश्न: मी वॉर्डात औषधं तयार करते. साठ्यात साधं ॲम्फोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) नसेल तर लायपोसोमल तितकेच मिलिग्रॅम द्यायचं का, किंवा उलट? कुपीवर औषधाचं नाव तर एकच असतं.

उत्तर: नाही. या स्तंभातलं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी बहुधा दर किलो वजनाला दिवसाला ३ ते ५ मि.ग्रॅ. देतात. साध्याची, म्हणजे डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराबरोबर विरघळवलेल्या औषधाची, कमाल मर्यादा दर किलोला १.५ मि.ग्रॅ. आहे. ७० किलोच्या रुग्णासाठी ३५० मि.ग्रॅ. लायपोसोमल लिहून दिलं आणि हाती आलेल्या साध्या कुप्यांतून तेवढंच भरलं, तर मर्यादेच्या तिप्पट औषध जातं आणि हृदय बंद पडू शकतं. उलट चूक झाली तर बुरशीला पुरेसं औषध मिळत नाही. डॉक्सोरुबिसिनचंही असंच. साधं दर चौरस मीटरला ६० ते ७५ मि.ग्रॅ., तीन आठवड्यांनी. पेगवालं लायपोसोमल बीजाशयाच्या कर्करोगात ५० मि.ग्रॅ., चार आठवड्यांनी. चिठ्ठीवर नुसतं 'ॲम्फोटेरिसिन' दिसलं तर कुपी उघडण्याआधी लिहिणाऱ्याला फोन करा.

विरघळवण्याच्या रीतीही एकमेकींत मिसळू देऊ नका:

लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची ५० मि.ग्रॅ.ची कुपी १२ मि.ली. निर्जंतुक पाण्यात, आणि लगेच ३० सेकंद जोरात हलवायची. पिवळसर, अर्धपारदर्शक द्राव मिळतो, मि.ली.ला ४ मि.ग्रॅ.चा. तो ५ मायक्रॉनच्या गाळणीतून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचा, अंतिम प्रमाण मि.ली.ला १-२ मि.ग्रॅ. सलाईन कुठेही नको, आधीपासून लावलेल्या नळीतसुद्धा नको. मिठाने कण एकमेकांना चिकटून साका बसतो. नळी आधी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या.

पेगवालं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनही डेक्स्ट्रोजमध्येच. ९० मि.ग्रॅ.पर्यंत २५० मि.ली., त्यापुढे ५०० मि.ली. ते गढूळ लाल दिसतं आणि तसंच दिसायला हवं. नळीत गाळणी लावायची नाही. कुपी गोठली असेल तर फेकून द्या. बर्फाचे स्फटिक पापुद्रे फाडतात आणि वितळल्यावर आत किती औषध उरलं हे डोळ्यांना कळत नाही.

अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, सुमारे १३० नॅमीचं, याच्या बरोबर उलट सलाईनमध्ये करतात. १०० मि.ग्रॅ.ला २० मि.ली., निदान एक मिनिट घेत, धार कुपीच्या भिंतीवर सोडून. पाच मिनिटं भिजू द्या, मग दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा. फेस आला तर १५ मिनिटं ठेवून द्या. घाईत धार थेट भुकटीवर सोडली की फेस ठरलेला. साधं पॅक्लिटॅक्सेल विरघळवायला एरंडेल तेलापासून केलेलं जे द्रावक लागतं, ते इथे मुळीच नसतं. म्हणून साधं तीन तास चालतं आणि हे तीस मिनिटांत.

प्रश्न: ड्रिप सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच पाठ दुखली, चेहरा लाल झाला, छाती आवळली. औषध आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं होतं. पहिल्याच वेळी ॲलर्जी कशी?

उत्तर: ही नेहमीची ॲलर्जी बहुधा नसावी. नेहमीच्या ॲलर्जीला आधीची ओळख लागते. इथे कणांचा पृष्ठभाग पाहून रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनांची साखळी तिथल्या तिथे पेटते. त्यातून सुटणारे तुकडे मास्ट पेशींना डिवचतात आणि लक्षणं ॲलर्जीसारखी दिसतात. पेगवाल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनने सुमारे ११ टक्के रुग्णांना अशी प्रतिक्रिया येते. बहुतेकदा पहिल्या फेरीत आणि पहिल्या काही मिनिटांत. ड्रिप थांबवली की बहुधा ओसरते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा हळू सुरू करता येते. क्वचित जिवावर बेतते, म्हणून तातडीची औषधं हाताशी लागतातच.

सगळी किल्ली वेगात आहे. डॉक्सोरुबिसिनची पहिली ड्रिप मिनिटाला १ मि.ग्रॅ.ने सुरू करतात, काही झालं नाही तरच वाढवून तासाभरात संपवतात. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान, म्हणजे एसआय-आरएनए (ठरावीक जनुकाचा संदेश गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा) जातीचं पहिलं औषध, मेदाच्या नॅनोकणांत असतं. २०० मि.ली.ची ड्रिप पहिली १५ मिनिटं मिनिटाला १ मि.ली., मग ३ मि.ली., एकूण सुमारे ८० मिनिटं. त्याआधी निदान तासभर डेक्सामेथासोन, पॅरासिटामॉल आणि दोन प्रकारची हिस्टॅमिनरोधकं. दिवसभराच्या गर्दीत उशीर झाला म्हणून ड्रिपची चकती जरा सैल करणं, हे या औषधांच्या बाबतीत कधीही करू नये.

प्रश्न: कणावर गाठीच्या पेशीला ओळखणारी प्रतिपिंडं चिकटवली तर तो नेमका तिथेच जाईल ना?

उत्तर: प्रतिपिंड दार उघडायची किल्ली आहे, घरापर्यंतचा रस्ता ती दाखवत नाही. पेशीला स्पर्श होईपर्यंत तिचा उपयोग शून्य. तिथवर कण गळक्या रक्तवाहिनीतूनच पोचायला हवा. वाटेत रक्तातली प्रथिनं कणावर थर चढवतात आणि किल्ली त्याखाली झाकली जाते. उलट किल्ली फारच घट्ट बसणारी असली तर कण रक्तवाहिनीलगतच्या पहिल्या पेशींनाच चिकटून बसतात आणि गाठीचा गाभा कोरडा राहतो. पोचल्यावर पेशीच्या आत शिरायला मात्र ती खरीच मदत करते.

प्रश्न: आमच्या प्रयोगशाळेत पातळ थराच्या पद्धतीने लायपोसोम करतो आहोत. मेद एचएसपीसी (सोयाबीनपासून केलेलं फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि पेगवालं मेद. १०० नॅमीची चाळणी वापरूनही आकार १८० च्या वर, पीडीआय (कणांचे आकार एकमेकांपासून किती वेगळे आहेत याचा आकडा) ०.४, आणि चाळणी मध्येच तुंबते.

उत्तर: तीन तक्रारी, पण मूळ बहुधा एकच: तापमान. एचएसपीसीचा पापुद्रा साधारण ५२ ते ५५ अंश सेल्सिअसखाली मेणासारखा कडक असतो. कोलेस्टेरॉलने हा उंबरठा बोथट होतो, नाहीसा होत नाही. पाणी घालणं आणि चाळणीतून ढकलणं दोन्ही ६०-६५ अंशांवर व्हायला हवं. चाळणीचा ठोकळा तापलेला असला तरी काचेच्या सिरिंजा गार राहतात, म्हणून जोडणी करून दहा मिनिटं थांबा आणि मगच ढकला. (डीपीपीसी असतं तर ४१ च्या वर, डीओपीसीला खोलीचं तापमान पुरतं.)

तरी सुटलं नाही तर थर तपासा. १६ मि.ग्रॅ. मेद, २ मि.ली. क्लोरोफॉर्म, ५० मि.ली.चा गोल बुडाचा चंबू. एवढ्यात पातळ, एकसारखा, दुधी थर बसतो. तळाशी जाड कडं दिसत असेल तर चंबू लहान पडला किंवा निर्वात फार झटकन लावला. क्लोरोफॉर्म बुडबुडे काढत उडाला की थर खडबडीत होतो. बाष्पित्रावरून काढल्यावर चंबू आणखी निदान दोन तास, शक्य तर रात्रभर, निर्वातात ठेवा. उरलेलं क्लोरोफॉर्म पापुद्रे मऊ करतं आणि औषध गळतं.

पाणी घातल्यावर पाच वेळा गोठवा आणि वितळवा, म्हणजे कांद्यासारखे बहुपदरी गोळे सैल होतात. थेट १०० ची चाळणी लावू नका. आधी ४००, मग २००, मग १००. शेवटच्या चाळणीतून ११ किंवा २१ फेऱ्या. विषम आकडा अशासाठी की शेवटची फेरी पलीकडच्या सिरिंजमध्ये संपते आणि चाळणीच्या अलीकडे राहिलेले जाडे कण नमुन्यात येत नाहीत. हाताला जोर एकाएकी कमी लागू लागला तर खूश होऊ नका. चाळणी फाटली आहे, बदला.

पीडीआयबद्दल एक सावधगिरी. प्रकाशविखुरण पद्धतीत लहान कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. २०० नॅमीचा एक कण २० नॅमीच्या दहा लाख कणांइतका चमकतो. धुळीचे चार कण पुरेत आकडा बिघडवायला. बफर ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, नमुना पातळ करा, आणि दर मि.ली.ला मेद दुप्पट-निमपट करूनही आकार तोच येतो का पाहा. पीडीआय ०.२ च्या खाली आला की पुढे जायला हरकत नाही. टोकदार ध्वनिशलाका वापरून आकार कमी केला असेल तर टायटॅनियमचा चुरा नमुन्यात पडलेला असतो. सेंट्रिफ्यूज करून तो आधी काढा.

प्रश्न: त्याच लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन भरताना १५-२० टक्क्यांपुढे जात नाही. पुस्तकात ९० लिहिलंय.

उत्तर: म्हणजे अमोनियमची चढण, म्हणजे आत जास्त आणि बाहेर जवळजवळ नाही असा फरक, तयारच झाली नाही. कल्पना अशी: लायपोसोम २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेटमध्ये बनवायचे आणि मग बाहेरचं अमोनियम पूर्ण काढून टाकायचं. आतला अमोनिया हळूहळू बाहेर निसटतो, मागे प्रोटॉन उरतो, आत आम्लता वाढते. बाहेरचं डॉक्सोरुबिसिन भाररहित रूपात पापुद्रा ओलांडतं, आत भार घेतं, आणि सल्फेटबरोबर स्फटिक होऊन अडकतं. बाहेर थोडं जरी अमोनियम सल्फेट राहिलं तरी उतार सपाट होतो. एकदा पाणी बदलून केलेलं डायलिसिस पुरत नाही. तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी शंभरपट आकारमानाच्या १० टक्के सुक्रोजमध्ये करा, किंवा सेफाडेक्स जी-५० च्या स्तंभातून काढा. आणि लगेच भरा. ठेवून दिलं की चढण हळूहळू उतरू शकते.

मेद आणि औषध वजनाने ८ ला १. ६०-६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, मग थेट बर्फात. मोकळं औषध वेगळं करताना लाल पट्टा आधी उतरेल तो लायपोसोमचा. मागून सावकाश येणारा मोकळ्या औषधाचा. आणि मोजताना एक फसगत हमखास होते. आत कोंडलेल्या डॉक्सोरुबिसिनची चमक दबलेली असते. लायपोसोम न फोडता चमक मोजली तर भरलेलं औषध दिसतच नाही. एचएसपीसी आणि कोलेस्टेरॉलचा पापुद्रा गार डिटर्जंटला दाद देत नाही, म्हणून आम्ल घातलेल्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये फोडा. तुमचे १५ टक्के कदाचित याच पायरीवर हरवले असतील. सगळं पुन्हा बनवण्याआधी हे करून बघा.

प्रश्न: एमआरएनए लस उणे ७० अंशांवर का ठेवावी लागत होती? आणि 'हलवू नका' असं का?

उत्तर: दोष कणाला देतात, पण थंडीची मुख्य गरज आतल्या मालाला आहे. वर आलेलं पॅटिसिरानही तसल्याच मेदकणांत असतं आणि ते साध्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर राहतं. गोठवायला उलट मनाई आहे. त्यातला आरएनए २१ अक्षरांच्या जोडधाग्याचा. लसीतला धागा एकेरी, सुमारे ४,३०० अक्षरांचा. कुठेही एक ठिकाणी तुटला की प्रथिन अर्धवट. धागा जितका लांब तितकी तुटायची शक्यता जास्त, आणि पाण्यात हे तुटणं तापमानाबरोबर वाढतं.

कणात चार मेदं. फायझरच्या लसीत त्यांचं रेणूंचं प्रमाण असं: आयनीभवन होणारं मेद ४६.३, कोलेस्टेरॉल ४२.७, डीएसपीसी ९.४ आणि पेगवालं १.६. पहिलं सगळ्यांत कळीचं. बनवताना, पीएच ४ ला, त्यावर धनभार असतो आणि ते ऋणभारित आरएनएला मिठी मारतं. रक्ताच्या ७.४ ला भार जवळपास नाहीसा होतो, म्हणून ते पेशींना विषारी ठरत नाही. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पिशवीत अडकतो तिच्यातली आम्लता वाढते, भार परत येतो आणि पिशवीचा पापुद्रा फाटतो. यासाठी मेदाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे अर्धे रेणू भारित असतात तो आकडा, साधारण ६.२ ते ६.५ च्या अरुंद पट्ट्यात बसावा लागतो. एवढं करून, तशाच मेदकणांच्या प्रयोगांत, गिळलेल्या एसआय-आरएनएपैकी १-२ टक्केच पिशवीतून निसटताना दिसला. आमच्या मते पुढची मोठी मजल गाठ शोधण्यात नाही, या पिशवीतून सुटण्यात आहे.

हलवल्याने हवा आणि पाणी यांच्या सीमेवर कण येतात, पसरतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात. फायझरच्या जांभळ्या झाकणाच्या कुपीत ०.४५ मि.ली. लस असायची. तीत १.८ मि.ली. सलाईन घालून दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची. एवढी ढवळण पुरते.

असाच कण स्नायूत न देता शिरेत दिला की बहुतांश यकृतात जातो, कारण रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई त्याला चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्याला आपलाच कोलेस्टेरॉलचा कण समजून आत घेतात. पॅटिसिरानला यकृतच हवं असतं, त्यामुळे त्याचं काम सोपं झालं.

प्रश्न: बाटलीवर 'नॅनो' लिहिलेली पूरक औषधं तोंडाने घेतली तर जास्त लागू पडतात का?

उत्तर: शब्दावर पैसे देऊ नका. तोंडाने घेण्यात नॅनोचा खरा उपयोग एका ठिकाणी सिद्ध झालेला आहे: पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाची दळून केलेली नॅनोस्फटिकं. एक सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच १०० नॅमीच्या घनांत चिरला तर ६० चौरस मीटर. विरघळण्याचा वेग पृष्ठफळाबरोबर वाढतो. सिरोलिमस, केमोच्या उलट्यांवरचं ॲप्रेपिटंट आणि फेनोफायब्रेट ही या तंत्राची मान्यताप्राप्त औषधं. आतड्यात ती विरघळतात आणि शोषला जातो तो साधा रेणू. कण रक्तात जात नाही. जे मुळात पाण्यात सहज विरघळतं, त्याला नॅनो करून यातलं काही साधत नाही.

'लायपोसोमल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल विचारायचं ते हे: पित्तक्षार आणि स्वादुपिंडाचा लायपेज हे मेदाचे पापुद्रे फोडण्यासाठीच आहेत, त्यांतून हा कण कसा वाचतो? कणाचा मोजलेला आकार, माणसांच्या रक्तात औषध किती चढलं याचा आलेख आणि शेल्फवर वर्षभरानंतरचा आकार, यांतलं काहीच मिळत नसेल तर बाटली परत ठेवा.

प्रश्न: चुंबकाने लोहाचे कण मेंदूतल्या गाठीकडे ओढता येतात असं वाचलं.

उत्तर: बाहेरच्या चुंबकाची ओढ काही सेंटिमीटर खोल जाईपर्यंत फार क्षीण होते, आणि रक्ताचा वेग तिला हरवतो. युरोपात वापरात आलेली पद्धत वेगळी आहे. लोह-ऑक्साइडचे कण सुईने थेट गाठीत सोडतात आणि बाहेरून उलटसुलट चुंबकीय क्षेत्र लावून ते तापवतात. मेंदू आणि रक्त यांमधला अडसर ओलांडायचा प्रश्नच येत नाही. अडचणी मात्र अगदी घरगुती आहेत. दातांत धातूचं भरण असेल तर आधी काढावं लागतं, आणि कण गाठीतच राहत असल्याने नंतर त्या भागाचा एमआरआय धड दिसत नाही.

प्रश्न: फुप्फुसाच्या जुनाट संसर्गासाठी नेब्युलायझरमधून घ्यायचं लायपोसोमल ॲमिकेसिन सुरू झालंय. घरात चांगला नेब्युलायझर आहे, तोच वापरला तर?

उत्तर: वापरू नका. या लायपोसोमचा आकार सुमारे ३०० नॅमी. तेवढाच सुटा कण हवेतून ओढला तर बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येईल, कारण तो आदळायला फार हलका आणि भिंतीपर्यंत भरकटायला फार जड. म्हणून तो ४-५ मायक्रॉनच्या थेंबात बसवून पाठवावा लागतो. लायपोसोम न फोडता असे थेंब करणारी, छिद्रांच्या थरथरत्या चकतीची यंत्रणा या औषधासोबत ठरवून दिलेली असते. हवेच्या झोताने थेंब पाडणाऱ्या साध्या यंत्रात थेंबांचा आकार बदलतो आणि पापुद्रे फाटून ॲमिकेसिन आधीच मोकळं होतं.

कुपी फ्रिजमधून काढून निदान ४५ मिनिटं बाहेर ठेवा. गार द्राव दाट असतो, चकतीतून नीट जात नाही आणि वेळ लांबतो. मग १०-१५ सेकंद जोरात हलवा, दुधासारखा एकसारखा दिसेपर्यंत. ही कुपी लसीसारखी नाजूक नाही. ५९० मि.ग्रॅ.ची कुपी साधारण १४ मिनिटांत संपायला हवी. रोज थोडा थोडा वेळ वाढत वीसच्या पुढे गेला, तर औषधाला दोष देण्याआधी चकती उजेडासमोर धरून बघा. तिची छिद्रं बुजली असतील.